युद्धाची बातमी आणि युद्धाचा हिशेब

(क्रांतिदिनानिमित्त अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



९ ऑगस्टला या शहरात बोलायला उभे राहायचे, तर भुईकोट किल्ल्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९४२ साली याच दिवशी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडण्यात आले आणि आगगाडीने आपल्या गावी आणून किल्ल्यात बंद करण्यात आले. पंडित नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, शंकरराव देव आणि समाजवादी चळवळीचे आद्य गुरू आचार्य नरेंद्र देव असे ते बारा जण. त्यांच्या त्यागाविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आज मला त्या अटकेच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधायचे आहे. या मंडळींना डांबताना सरकारने त्यांना कोठे ठेवले आहे हे देशाला कळू दिले नाही आणि सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्या हाती वृत्तपत्रही पडू दिले नाही. माणसे कोंडायची आणि त्यांच्याबरोबर बातमीही कोंडायची, हे युद्धकालीन राज्यकारभाराचे जुने सूत्र आहे. युद्ध चालू असताना सरकारला शत्रूच्या तोफांइतकीच स्वतःच्या प्रजेला कळणाऱ्या बातमीची धास्ती वाटते.

सरकारचे परराष्ट्रधोरण आणि युद्ध यांचा प्रचार वृत्तमाध्यमे कशी करतात, हा आजच्या भाषणाचा विषय. वृत्तपत्रे खोटे छापतात आणि वाहिन्या खोटे दाखवतात, एवढेच सांगून हा विषय संपत नाही. ते आपल्याला ठाऊकच आहे. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले, त्यामुळे माझी नजर साहजिकच जमाखर्चाच्या वहीकडे जाते. माझे म्हणणे थोडक्यात असे : युद्धकाळात माध्यमे जी मोठी गोष्ट दडवतात ती लष्करी गुपित नसते, ती युद्धाची किंमत असते. ही किंमत कोण देतो, किती देतो आणि त्याच्याकडून ती कोणत्या वाटेने वसूल होते, हा हिशेब लोकांपुढे येऊ न देणे हेच युद्धप्रचाराचे मुख्य कार्य असते. आरडाओरडा हे केवळ त्याचे साधन.

किल्ल्याच्या आत आणि बाहेर

१९४२ च्या ऑगस्टमध्ये देशातील वृत्तपत्रांवर युद्धकालीन निर्बंध होते. आकाशवाणी सरकारची होती आणि ती दोस्त राष्ट्रांच्या विजयाच्या वार्ता सांगत होती. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. राममनोहर लोहिया आणि आपल्याच गावचे अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते त्यांच्या पाठीशी होते. अच्युतराव मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. माझ्या व्यवसायाचा हा एक सन्मान मी अभिमानाने सांगतो. ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन महिने हे केंद्र चालले. त्यावरून काय सांगितले गेले ते उषाताईंनी पुढे नमूद करून ठेवले आहे : चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथील अत्याचार. यातील एकही गोष्ट शत्रूला उपयोगी पडणारे गुपित नव्हती. बॉम्ब टाकणाऱ्याला तो आपण कोठे टाकला हे ठाऊकच असते. ते दडवायचे होते ते ज्यांच्यावर पडले त्यांच्या देशबांधवांपासून.

याच काळातले सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे १९४३ चा बंगालचा दुष्काळ. जपानी सैन्य पुढे सरकेल या भीतीने सरकारने पूर्व बंगालमधील होड्या काढून घेतल्या, किनाऱ्याकडील तांदूळ हलवला. कलकत्त्यातील युद्धउद्योगांना आणि सैन्याला धान्य प्रथम मिळेल अशी व्यवस्था केली. युद्धाच्या खर्चासाठी नोटांची छपाई बेसुमार झाली. १९३९ ते १९४५ या काळात देशातील चलनी नोटा सुमारे सहापट झाल्या. भाव चढले. ज्याच्याजवळ विकायला केवळ श्रम होते, तो शेतमजूर, कोळी, कारागीर बाजारातून बाहेर फेकला गेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य भयानक कमी पडले होते असे नव्हे. धान्य विकत घेण्याची गरिबाची ताकदच नाहीशी झाली होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

आणि एवढे घडत असताना दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीरही झाला नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा जगाला हे कळले. ‘स्टेट्समन’ हे काही आपल्या चळवळीचे पत्र नव्हते. ते इंग्रजांच्या मालकीचे होते आणि त्याचे संपादक इयान स्टीफन्स इंग्रजच होते. तरी एका संपादकाने आपले काम केले आणि पुढे कित्येकांचे प्राण वाचले. त्या आधीच्या महिन्यांत, युद्धकार्याला बाधा येऊ नये म्हणून जे जे छापायचे राहून गेले, त्याची किंमत लाखांच्या संख्येत मोजली गेली. नेहरूंनी १९४४ साली आपल्या किल्ल्यात बसून जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात या दुष्काळाचा विषय आला आहे. किल्ल्याच्या भिंतींतून जी बातमी आत शिरली ती बाहेरच्या अनेक वृत्तपत्रांच्या पानावर शिरू शकली नव्हती, ही गोष्ट विसरता कामा नये.

बुटांची बातमी

कोणी म्हणेल, ते परक्यांचे राज्य होते. स्वराज्यात असे कसे होईल? म्हणून १९६२ कडे वळतो.

चीनशी सीमेचा वाद १९५९ पासून उघड झाला. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले, बोलणी झाली आणि निष्फळ ठरली. त्या दिवसांतील वृत्तपत्रे चाळली तर तडजोड या शब्दालाच शिवीचे रूप आलेले दिसते. लोकसभा आणि वृत्तपत्रे मिळून पंतप्रधानांना रोज विचारीत होती की, चिनी फौजा हाकलून केव्हा देणार? १२ ऑक्टोबर १९६२ रोजी श्रीलंकेला जाताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मुक्त करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी त्याचे मोठमोठे मथळे झाले. आठच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चीनचा हल्ला आला.

आता ज्या जवानांच्या भरवशावर हे मथळे सजले त्यांची स्थिती काय होती? नामका चू नदीच्या काठी, हिमालयाच्या उंचीवर, ते सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी चीनच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी १९६९ साली ही कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. म्हणजे देशाला ही गोष्ट सविस्तर कळली ती सात वर्षांनी. युद्धापूर्वीच्या महिन्यांत वृत्तपत्रांनी जवानाचे शौर्य छापले, त्याच्या पायातले बूट छापले नाहीत. ते छापले असते तर कदाचित मथळे बदलले असते आणि मथळे बदलले असते तर धोरणालाही थोडी उसंत मिळाली असती. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने उघड केला.

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. तिबेटच्या प्रश्नावर आपल्या नेत्यांनी सरकारवर केलेली टीका तत्त्वाची होती, असे मी आजही मानतो. परंतु सीमेवरच्या सैनिकाला खायला, पांघरायला आणि लढायला काय मिळते, हा प्रश्न तेवढ्याच जोराने विचारणे विरोधी पक्षांचेही कर्तव्य होते. त्यात आपण कमी पडलो.

मात्र युद्ध संपल्यावर आपल्याच लोकांनी देशाला ताळ्यावर आणले. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला तो आचार्य कृपलानींनी, म्हणजे आपल्या किल्ल्यातल्या जुन्या कैद्याने. ३४७ विरुद्ध ६२ मतांनी तो फेटाळला गेला. पण त्याच चर्चेत डॉ. लोहियांनी तीन आण्यांचा प्रश्न उभा केला : देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकार पंधरा आणे म्हणाले. वाद आकड्यांचा होता, परंतु त्याचा अर्थ मोठा होता. वर्षभर ज्या देशाला फक्त सीमारेषा दाखवली जात होती, त्याला लोहियांनी पुन्हा ताटातली भाकरी दाखवली.

आणखी एक गोष्ट. १९६२ च्या युद्धासाठी जे भारत संरक्षण नियम आले, त्याच नियमांखाली ऑगस्ट १९६५ मध्ये बिहारमधल्या आंदोलनात लोहियांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांचा चीनशी वा पाकिस्तानशी काय संबंध होता? ७ सप्टेंबर १९६५ रोजी, म्हणजे पाकिस्तानशी प्रत्यक्ष युद्ध चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली. युद्धाच्या दिवसांतही न्यायाधीशांना विवेक ठेवता येतो, तर संपादकांना का येऊ नये?

पाच पैशांचे तिकीट

१९७१ चे युद्ध वेगळ्या जातीचे होते. पूर्व बंगालमध्ये झालेला संहार खरा होता, लोंढ्यांनी येणारे निर्वासित खरे होते आणि बांगलादेशाला जयप्रकाशजींनी दिलेला पाठिंबाही मनापासूनचा होता. मी तेव्हा शाळेत होतो. नोव्हेंबरपासून लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे निर्वासित मदतीचे तिकीट लावावे लागे. आज वाटते, तेवढे एक तिकीटच प्रामाणिक होते. युद्धाचे ओझे तुझ्यावरही आहे, हे ते प्रत्येकाला उघड सांगत होते. पुढचे ओझे मात्र कोणी सांगून टाकले नाही. विजयाचे ढोल वाजत असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, पारनेर, कर्जत, जामखेड या भागांत माणसे खडी फोडायला गेली. १९७३ मध्ये महागाईने कंबरडे मोडले.

त्याहून मोठी किंमत तिसरीच होती. ३ डिसेंबर १९७१ ला पुकारलेली बाह्य आणीबाणी युद्ध चौदा दिवसांत संपल्यावरही उठली नाही. ती १९७७ च्या मार्चपर्यंत चालू राहिली. १९७५ च्या जूनमध्ये जेव्हा अंतर्गत आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, तेव्हा त्यासाठी वापरलेले नियम १९७१ च्या युद्धासाठी केलेल्या कायद्यातूनच आले होते. शत्रूसाठी म्हणून घडवलेली बेडी घरातच वापरली गेली. ज्या वृत्तपत्रांनी १९७१ मध्ये ती बेडी आनंदाने पाहिली, त्यांच्याच मनगटात ती १९७५ मध्ये पडली. ‘साधना’सारख्या मोजक्या पत्रांनी तिच्याशी झगडा केला, ही आपली मिळकत आहे.

२०२५ चा मे महिना

आता अगदी जवळचे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांपैकी सहा महाराष्ट्रातली होती. त्या अमानुष कृत्याचा निषेध करताना आपला आवाज कोणापेक्षाही क्षीण नाही. ७ मे रोजी भारतीय सेनादलांनी नऊ ठिकाणी हल्ले केले; १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. या चार दिवसांत दूरचित्रवाणीवर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद ताब्यात घेतले, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक करवली. सकाळी यातले काहीच खरे निघाले नाही. हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमात इतका वाजवला गेला की, शेवटी सरकारलाच सांगावे लागले : हा आवाज वापरू नका, लोकांना खरा भोंगा ओळखता येणार नाही.

पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात डझनाहून अधिक नागरिक मेले. त्यांत एक मदरशातील शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवले. पूंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला की, हा आपला निरपराध नागरिक आहे. मित्रहो, शत्रूच्या गोळ्याने मेलेल्या आपल्या माणसाला आपल्याच वाहिन्यांनी पुन्हा मारले. हिलाच जर देशभक्ती म्हणायचे असेल, तर देश म्हणजे कोण, हा प्रश्न विचारावाच लागेल.

याच्या उलट बाजूही पाहा. त्या दिवसांत परराष्ट्र सचिव आणि सेनादलांच्या दोन महिला अधिकारी रोज जी माहिती देत होत्या, ती मोजूनमापून दिलेली होती. म्हणजे माध्यमे सरकारच्या मागे नव्हती, सरकारच्याही पुढे धावत होती. आणि शस्त्रसंधीची घोषणा करणाऱ्या त्याच परराष्ट्र सचिवांवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा वर्षाव झाला. १९६२ चा धडा येथे पुन्हा गिरवला गेला. सरकार युद्धज्वराला चिथावते, वाहिन्या तो वाढवतात आणि मग तह करण्याची वेळ आली की तोच ज्वर सरकारचेही हात बांधतो. लोकांना चोवीस तास संपूर्ण विजय दाखवल्यावर थांबणे हा विश्वासघात वाटू लागतो. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, शांततेचा मार्ग त्याला मोकळा राहावा असे ज्याला वाटते, त्याने युद्धज्वराला विरोध केला पाहिजे.

त्याच काळात ‘द वायर’सारखे चिकित्सक वृत्तस्थळ काही काळ बंद करण्यात आले. खोटे बोलणाऱ्यांचे प्रक्षेपण मात्र अखंड चालू होते. आणि पहिल्या दिवशी भारताने काही विमाने गमावली, ही गोष्ट संरक्षण दलप्रमुखांनी मान्य केली ती ३१ मे रोजी, सिंगापूरमध्ये, परदेशी वृत्तसंस्थांच्या मुलाखतीत. हे देशाला देशातच, देशाच्या भाषांत आणि लोकसभेत प्रथम सांगता आले नसते काय? भारतीय जनता एवढी दुबळी नाही की, तिला हानीची वार्ता झेपू नये.

लष्करी गुप्तता लागते हे मला मान्य आहे. फौज कोठून कोठे हलते हे छापू नये. तशी सूचना सरकारने २६ एप्रिललाच दिली होती आणि ती रास्त होती. परंतु गुपित राखणे वेगळे आणि खोटे रचणे वेगळे. पहिल्यासाठी मौन पुरते. दुसऱ्यासाठी कारखाना लागतो.

कारखाना कोणाचा?

हा रोग केवळ आपला नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात जो दुसरा हल्ला झालाच नव्हता, त्याच्या बातमीवर अमेरिकेने व्हिएतनाममधले युद्ध वाढवले. इराकजवळ महासंहारक अस्त्रे असल्याच्या वार्ता छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००४ रोजी आपली चूक कबूल केली, तोवर इराक बेचिराख झाला होता. तेथे निदान कबुली आली. आपल्याकडे एका वाहिनीवरून दिलगिरीचे चार शब्द ऐकू आले आणि विषय संपला.

असे का होते, याचे उत्तर पत्रकारांच्या नीतिमत्तेत शोधून भागणार नाही. ते मालकीत आणि मिळकतीत शोधावे लागेल. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातीतून येते, जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो आणि युद्धाइतका स्वस्त व खिळवून ठेवणारा कार्यक्रम दुसरा नाही. सीमेवर बातमीदार पाठवायला पैसा लागतो. चार निवृत्त अधिकारी बसवून आरोळ्या ठोकायला लागत नाही. जाहिरातदारांत सरकार हा एक मोठा जाहिरातदार. शिवाय मालकी पाहा. नेटवर्क-१८ हा वाहिन्यांचा समूह २०१४ पासून रिलायन्सकडे आहे. एनडीटीव्ही २०२२ च्या डिसेंबरात अदानी समूहाकडे गेली आणि त्या समूहाचा संरक्षणसामग्री बनवण्याचाही उद्योग आहे. येथे कोणी कोणाला फोन करून बातमी बदलायला सांगतो, असा माझा आरोप नाही. त्याची गरजच पडत नाही. ज्या घरात जो धंदा चालतो, त्या घरात त्या धंद्याविषयी अवघड प्रश्न विचारले जात नाहीत, एवढेच.

आपला कांदा, आपली मुले

परराष्ट्रधोरण म्हणजे झेंडे, सलाम आणि सीमेवरचा गोळीबार, असे वाहिन्यांनी आपल्या मनावर ठसवले आहे. पण घोडेगावच्या किंवा पारनेरच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. बंदीच्या काळात सरकारने मित्रराष्ट्रांसाठी ठरावीक कोटा मोकळा केला. त्यात बांगलादेशासाठी ५० हजार टन होते. म्हणजे आपला कांदा परराष्ट्रधोरणाचे हत्यार झाला आणि ते हत्यार कांदा पिकवणाऱ्याच्याच पाठीवर चालवले गेले. या धोरणावर रात्री नऊ वाजता किती वाहिन्यांनी चर्चा घेतली?

आणि मुले. पहाटे पाथर्डी-शेवगावच्या रस्त्याने जा, भरतीसाठी धावणारी मुले दिसतील. आपले शहर रणगाड्यांचे शहर. चिलखती दलाचे केंद्र येथेच आहे. सैनिकाला मान देणे आपल्याला कोणी शिकवायला नको. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यांतल्या जास्तीत जास्त चौथाई मुलांना पुढे कायम, उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये हातात देऊन घरी, निवृत्तिवेतन नाही. जी वाहिनी रात्रभर जवानाच्या नावाने छाती बडवते, ती सकाळी या मुलांच्या पाचव्या वर्षाविषयी किती वेळ बोलते? १९६२ मध्ये बूट छापले गेले नाहीत. २०२२ नंतर निवृत्तिवेतन छापले जात नाही. साठ वर्षांत फरक एवढाच.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते, आरोग्य खात्यासाठी सुमारे १ लाख कोटी आणि ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी. संरक्षणाचा खर्च नको असे मी म्हणत नाही. हे तीन आकडे एका ओळीत ठेवून लोकांपुढे चर्चा व्हावी, एवढेच म्हणतो. ती चर्चा करणे हा देशद्रोह असेल, तर अर्थशास्त्राचा प्रत्येक वर्ग बंद करावा लागेल.

आपण काय करायचे?

आपल्याला देशभक्तीचे प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचे नाही. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ साली सत्याग्रहींची पहिली तुकडी गेली तेव्हा नानासाहेब गोरे यांच्याबरोबर आपल्या पारनेरचे सेनापती बापट होते, वयाच्या पंच्याहत्तरीत. मधू लिमये पोर्तुगिजांच्या तुरुंगात पडले. देशासाठी अंगावर मार घेणाऱ्या परंपरेतून आपण आलो आहोत. म्हणून प्रश्न विचारताना आवाज खाली करण्याचे कारण नाही.

कामे साधी आहेत. युद्धाची कोणतीही बातमी आली की तीन प्रश्न विचारायची सवय लावायची आणि लावून द्यायची : हे कोणी सांगितले, हे कोणी पाहिले आणि याचे पैसे कोण देणार? या तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत ती बातमी आपल्या भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवायची नाही. एक रात्र थांबले तर देशाचे काही बिघडत नाही. ज्या गावात आपली शाखा आहे तेथे फलकावर आठवड्याला एकदा तपासलेली बातमी लिहायची. वाहिनीने खोटे दाखवले तर तारीख-वेळ टिपून तक्रार करायची. पूंछच्या त्या शिक्षकासारखा कोणी आपल्या तालुक्यात बळी पडला, तर चोवीस तासांच्या आत त्याच्या दारात आपण उभे असले पाहिजे.

हे फार छोटे वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यात तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवला. १९१० साली सुरू झालेले ते पत्र अर्धशतकाहून अधिक काळ चालले. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, तारयंत्र नव्हते. वाचक कोण आणि आपण कोणाच्या बाजूचे, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. मुंबईतल्या त्या गुप्त केंद्रापाशीही एक यंत्र आणि मूठभर तरुण एवढेच होते.

किल्ल्यात कोंडलेली माणसे सुटली, कारण बाहेर कोणीतरी बातमी जिवंत ठेवली होती. आज किल्ल्याला भिंती नाहीत. आपण सगळेच आत आहोत आणि पडद्यावर अहोरात्र विजयाच्या वार्ता चालू आहेत. बाहेरची खरी बातमी, म्हणजे दुष्काळाची, कांद्याची, पाचव्या वर्षी घरी परतणाऱ्या मुलाची बातमी आत आणण्याचे काम आपले आहे. ते काम आजपासून, आपल्या शाखेपासून सुरू करू या.

जय हिंद, जय समाजवाद.